नाते असल्यास नमूद करावे

"थांबा! पाकीट उघडू नका!"

"अगंबाई!" संयुक्ता दचकली. चेन्नईला गिंडीतल्या त्या वर्गात सेवाभावी संस्थांची माणसं सरकारी खरेदीचे नियम शिकायला जमली होती. सरावासाठी खोट्या निविदा वाटल्या होत्या आणि हिने आपलं पाकीट फोडलंसुद्धा... कडेने, नीट, कागद पुन्हा वापरता यावा असं.

"ठरलेल्या वेळी, सगळ्यांसमोर उघडायचं," शिकवणारा शेषाद्री म्हणाला. चक्क मराठीत!

"तुम्ही मराठी?"

"तंजावरचे. तीनशे वर्षं झाली इथं येऊन. पण 'अगंबाई' अजून कळतं हो."

मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "कॉफी मी पाजते. दंड म्हणून."

"नको. उद्या तुमची संस्था निविदा भरेल, मी निवड समितीवर असेन..."

"वीस रुपयांच्या कॉफीत विरघळाल?"

"कॉफीत नाही—" तो टंबलरमधल्या फेसाकडे बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते.

मग रविवारमागून रविवार आले. समुद्रकाठी गप्पा, ज्याची त्याची कॉफी. मनातलं मात्र कुणीच बोलेना.

आणि तो म्हणाला होता तसंच झालं. एन्नोरच्या कोळीवस्त्यांत पाण्याचे फिल्टर बसवण्यासाठी तिच्या संस्थेने निविदा भरली, समितीत शेषाद्री. त्या दिवसापासून तो गप्प. तिच्या दोन मेसेजना उत्तर नाही. नियम तिला ठाऊक होता, त्यानेच शिकवला होता. पण मन काही वर्गात बसलं नव्हतं ना! सगळं नुसतं सौजन्यच असेल तर?

महिन्याभराने निविदा उघडायचा दिवस आला. पाकिटांना हात लावण्याआधी सदस्यांची निवेदनं मोठ्याने वाचायची पद्धत. शेषाद्री समितीच्या टेबलाशी नव्हताच. मागच्या रांगेत होता. अध्यक्ष अंबुजाबाईंनी कोरड्या आवाजात वाचलं,

"शेषाद्री. निविदा भरणाऱ्या संस्थेतल्या व्यक्तीशी नातं: आहे. स्वरूप: सध्या एकतर्फी, समोरच्या व्यक्तीला विचारलेलं नाही. म्हणून समिती सोडतो. तारीख... निविदा आली त्याच दिवशीची."

सभागृहात खसखस पिकली.

"आपल्यातलं कोण गं?" संयुक्ताच्या साहेब, श्रीलक्ष्मी, कुजबुजल्या.

नाव कुठेच नव्हतं. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. उठली तर उद्या सगळ्या शहरभर...

"कुणाची दुरुस्ती?" अंबुजाबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं.

संयुक्ता उठली.

"आहे, मॅडम. ते 'एकतर्फी'... तेवढं काढावं."

अंबुजाबाईंनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग मागच्या रांगेकडे पाहिलं. "नोंद झाली. आता दोघंही बाहेर जा बघू. मला इथं काम आहे."

व्हरांड्यात तो तिच्यासमोर उभा राहिला.

"आता विचारू?"

"विचारा... पण सावकाश," ती म्हणाली. "महिनाभर वाट पाहिलीय, नीट ऐकू दे."