ढग बसलेला असताना वर जाऊ नका

ट्रेकिंगच्या ग्रुपवर दर वर्षी कुणीतरी मला विचारतं, "दादा, त्या शिखरावर जायला चांगला काळ कुठला?"

मी सांगतो. जून ते ऑगस्ट नावच काढू नका, सगळा दरडींचा मुलूख आहे. तळीयेचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मार्चनंतर वर प्यायला पाणी नाही, कातळ तापतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हवा स्वच्छ, गवत वाळलेलं, वाट नीट दिसते.

सप्टेंबरबद्दल विचारलं की मात्र एवढंच लिहितो... "एकटे जाऊ नका."

का, ते आज पहिल्यांदा सांगतोय. हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही, रंगवलेलं नाही. शिखराचं आणि वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. पोलादपूर तालुक्यात आहे, इतकं पुरे.

तारीख २६ सप्टेंबर २०२३. मंगळवार.

मी आमोद कदम. बिरवाडीत खोली घेऊन राहतो, एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. माझी सुट्टी मंगळवारी. मित्रांची रविवारी. त्यामुळे डोंगरावर मी कायम एकटाच जायचो. आदल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून घरीही एकटाच.

त्या दिवशी डांबरी रस्ता संपतो तिथे बाईक लावली आणि वाडीत शिरलो. गौरी-गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परत गेले होते. सात-आठ घरं, बहुतेकांना कुलूप. दारातल्या रांगोळ्या पावसाने अर्धवट पुसलेल्या.

फक्त तुळसाबाई आणि त्यांचे यजमान पांडूबाबा, एवढीच दोन माणसं होती. मी नेहमी त्यांच्याकडे पाणी प्यायचो.

तुळसाबाईंनी वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं.

"आज ढग बसंल रे पोरा. दुपारच्या आत उतर."

"कुठे मावशी, एवढं छान ऊन आहे!"

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

साडेअकराला माथ्यावर पोचलो. सगळा माथा सोनकीच्या फुलांनी पिवळाधमक. एका मोठ्या खडकाजवळ सॅक ठेवली, टेकून बसलो. थर्मासच्या झाकणात चहा ओतला.

आणि ढग आला.

दरीतून वर चढला आणि दोन मिनिटांत सगळं पांढरं. माझेच बूट मला धूसर दिसायला लागले.

घाबरलो नाही. ढग येतो, जातो. अशा वेळी जागचं हलायचं नसतं, हे मला माहीत होतं.

मग लक्षात आलं... वारा थांबलाय.

किड्यांची किरकिर थांबलीय.

खाली ओढ्याचा आवाज येत होता, तोही नाही.

आणि मग खडकाच्या पलीकडून... कुणीतरी खोकलं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"मीच हाय."

साधा, थकलेला, वयस्क माणसाचा आवाज. गुराखी असेल, असं मला वाटलं. खरं सांगतो, बरंच वाटलं.

"खाली भात पोटरीला आलं काय?" त्याने विचारलं.

"आलं असेल. मला त्यातलं कळत नाही."

"एकलाच आलास?"

"हो."

"मी पन एकलाच हाय."

मग त्याने माझं नाव विचारलं. मी सांगितलं.

"आमोद," तो म्हणाला. हळूच, जपून.

कंपनीत मला सगळे कदम म्हणतात. आई गेल्यापासून आमोद अशी हाक मला कुणी मारलीच नव्हती. ते त्या क्षणी मला कळलं.

मग मी बोलत सुटलो. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल. शिफ्ट संपवून खोलीत आल्यावर टीव्ही नुसता आवाजासाठी लावतो, त्याबद्दल. तो फक्त "हां... मंग?" म्हणायचा. त्याचा आवाज हळूहळू बारीक होत होता. नीट ऐकू यावं म्हणून मी खडकाला वळसा घालून थोडा त्याच्याकडे सरकलो. मग आणखी थोडा.

दहा मिनिटं झाली असतील. फार तर पंधरा.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

मला राग आला. अगदी मनापासून राग आला. कशाला मध्येच, असं वाटलं.

कंपनीतला सुपरवायझर अनिल होता. "अरे कदम, तिसऱ्यांदा लावतोय! उद्या सेकंड शिफ्टला येशील का? माणूस कमी आहे."

"येतो," म्हणालो. फोन ठेवताना वेळ दिसली.

तीन वाजून चाळीस मिनिटं.

माझ्या हाताची बोटं पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली होती. कपडे ओलेचिंब. मला काहीच कळलं नव्हतं.

वारा सुटला. ढग फाटला.

आणि मी खाली पाहिलं...

माझे दोन्ही पाय कड्याबाहेर लोंबत होते.

खाली सरळ दरी. तळाशी झाडांचे शेंडे, मुठीएवढे.

सॅक आणि थर्मास मागे, वीसेक फुटांवर. झाकणातला चहा तसाच, वर चिलटं तरंगत होती. आणि तो आवाज जिकडून येत होता, तिकडे बसायला जागाच नव्हती. तिकडे जमीनच नव्हती.

मी पालथा झालो आणि रांगत मागे आलो. सॅक उचलली. कसा उतरलो ते आठवत नाही.

तुळसाबाई दारातच उभ्या होत्या. माझ्याकडे पाहताच आत वळल्या आणि चहा ठेवला.

"किती येळ बोललास?" त्यांनी चुलीकडे बघतच विचारलं.

मी काही सांगितलंही नव्हतं.

"दहा मिनिटं वाटली, मावशी."

त्यांनी पांडूबाबांकडे पाहिलं. बाबा उठले, काठी घेतली. "चल, गाडीपातुर येतो."

एरवी हा माणूस दोन शब्द बोलत नाही. त्या दिवशी रस्ताभर बोलायचे थांबले नाहीत. म्हैस आटली. नातू हृतिक मुंबईत डिलिव्हरीचं काम करतो. घराचा पत्रा उडाला. मी गप्प झालो की लगेच काहीतरी विचारायचे. मला बोलतं ठेवायचे... जणू माझं लक्ष दुसरीकडे जायला नको होतं.

बाईकजवळ मी विचारलं, "बाबा, कोण आहे तो?"

"आमाला ठाव नाय."

"कधी विचारलं नाहीत?"

त्यांनी मान हलवली. "इचारलं की मंग बोलत बसाया लागतं."

मी किल्ली लावली. ते अजून उभेच होते.

"तू निघताना त्यानं काय म्हटलं काय तुला?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो.

आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही. सॅक उचलून मी वळलो, तेव्हा ऊन लख्ख पडलं होतं. माथ्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आणि अगदी पाठीशी, कानाजवळ, तोच थकलेला आवाज आला.

"आमोद... परत येशील ना?"

तेव्हा मी भानावर होतो. कुणी धरलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. गप्प राहून निघून येता आलं असतं.

मी म्हणालो, "येईन."

अजून गेलेलो नाही. पण खोलीत एकटा असलो की ते मला आठवतं, आणि भीती नेमकी कशाची वाटते तेच समजत नाही... तो वाट बघत असेल याची, की मला तिथे जावंसं वाटतं याची.