हृदयामागची जागा

जेवणं आटोपली, भांडी निथळत पडली आणि मामा गच्चीवर येऊन भिंतीला टेकले. भाचा, त्याची नवी बायको आणि भाची तिथं अंथरुणं टाकून पसरली होती. भाचीला नुकतीच मोठ्या इस्पितळात, एक्स-रे विभागात नोकरी लागली होती. तिची टकळी जेवणातही थांबली नव्हती.

“आता डॉक्टरच्या आधी सॉफ्टवेअरच फोटो बघतं, मामा! लाखो फोटो दाखवून शिकवलंय त्याला.”

“शिकवलं कुणी?”

“डॉक्टरांनीच की. त्यांच्या जुन्या रिपोर्टांवरून.”

“म्हणजे गुरुजींच्या चुकांसकट.”

भाचेसून खुदकन हसली, आणि नव्या सुनेनं हसावं तेवढंच हसून थांबली. मामांनी उभी हयात एक्स-रेची यंत्रं बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवली होती. त्यांनी गच्चीवरचा दिवा घालवला.

“ओळखीतल्या एका डॉक्टरची गोष्ट आहे. त्यानंच सांगितली, गाडीत बसून, काचा वर करून. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेअकरा.”

त्या रात्री डॉक्टरसाहेब बायकोला म्हणाले, “फोन इस्पितळात विसरलो, घेऊन येतो.” फोन खिशातच होता.

साहेब रेडिओलॉजिस्ट. म्हणजे पेशंटचं तोंडही न बघता त्याच्या आतलं सगळं बघणारा माणूस. पाठीमागे सगळे त्यांना ‘बाकीठीक साहेब’ म्हणायचे. एखादा दोष सापडला की तो लिहायचा आणि खाली ठोकून द्यायचं, बाकी ठीक. माणूस वाईट नव्हता. हुशार होता. पण हुशार माणसाला एक उत्तर हाती लागलं की दुसरं शोधायचा कंटाळा येतो.

त्या रात्रीच्या दीड वर्ष आधी शिवणकाम करणारी एक ठेंगणी बाई खोकला घेऊन आली होती. छातीचा फोटो काढला. खोकून खोकून बरगडीला बारीक चीर गेलेली. सॉफ्टवेअरच्याही नजरेतून सुटलेली ती चीर साहेबांनी पकडली. स्वारी खूश! टेक्निशियननं विचारलं, “साहेब, बाजूनं पण एक काढू का?” समोरून काढलेल्या फोटोत हृदयाची सावली पडते. तिच्यामागे काही दडलं असेल तर ते बाजूच्या फोटोत दिसतं.

“कशाला? सापडलं की. बरगडी. बाकी ठीक.”

हृदयामागे गाठ होती. बाई वर्षभरात गेली.

मग तिचा नवरा आला. भांडायला नाही. दारातच चपला काढून उभा राहिला. “साहेब, एवढंच सांगा. पहिल्याच फोटोत गाठ दिसली असती का हो? फोटोनंतरही ती खोकायची आणि मी म्हणायचो, पुरे कर तुझी नाटकं. महिनाभर परत नेलंच नाही मी तिला.”

साहेबांनी त्याच्यासमोर फोटो उघडला. कुठं बघायचं ते आता ठाऊक होतं, म्हणून दिसलं. सावलीत सावली. सुपारीएवढी. नवऱ्याला त्यातलं काय कळणार?

“नाही,” साहेब म्हणाले. “तेव्हा काहीच नव्हतं. उशीर तुमच्याकडूनच झाला.”

“असं म्हणाला?” भाची ताडकन उठून बसली. “मेल्याची जीभ कशी नाही झडली!”

“ऐक पुढं.”

विभागातले छातीचे सगळे जुने फोटो रविवारी सकाळी संशोधनासाठी बाहेर जाणार होते. त्यावरून नवं सॉफ्टवेअर शिकवायचं. पण आधी बाहेरचे दोन डॉक्टर प्रत्येक फोटो पुन्हा तपासणार. त्यांनी तो फोटो बघितला असता तर साहेबांचं खोटं उघडं पडलं असतं. आणि नवऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरलं असतं. साहेबांकडे फोटो पुसायची परवानगी होती. तेवढ्यासाठीच ते निघाले होते.

फोटो वाचायच्या खोलीत दिवसाही अंधारच ठेवतात. रात्रपाळीचा टेक्निशियन खाटेवरच्या पेशंटांचे फोटो काढायला फिरतं यंत्र घेऊन वरच्या मजल्यावर गेलेला. साहेब बसले. बाईचं नाव टाकलं. फोटो आला. पुसला.

गेला.

आणि यादीच्या डोक्यावर नवा फोटो आला.

तेच नाव. तारीख आजची. छाती... बाजूनं काढलेली.

“टेक्निशियननं चुकून जुनंच नाव टाकलं असेल,” भाचा म्हणाला. ते मात्र त्याला स्वतःलाच पटलेलं दिसत नव्हतं.

“फिरत्या यंत्रावर? झोपलेल्या पेशंटचा बाजूनं, उभ्यानं?” मामा म्हणाले.

साहेबांनी फोटो उघडला. कणा. हृदय. हृदयामागे गाठ. सुपारीएवढी नव्हती. लिंबाएवढी.

पुसला.

दुसरा आला. मुठीएवढी.

पुसला.

तिसरा आला. त्यात फुफ्फुस शोधावं लागत होतं.

काचेपलीकडे एक्स-रेची खोली. दिवा बंद. यंत्राचा हिरवा ठिपका तेवढा चालू. पेशंट छाती टेकून उभा राहतो त्या पाटीपाशी...

काही दिसलं नाही. अंधार नुसता.

मग खोकला ऐकू आला. एकदाच. दाबलेला. कुणाला त्रास नको म्हणून माणूस खोकतो, तसा.

साहेब हलले नाहीत.

फोटो काढताना आपण काय सांगतो? श्वास घ्या. धरून ठेवा. मग म्हणतो, सोडा.

काचेपलीकडून बाईचा आवाज आला. हळू. अगदी अदबीनं.

“किती वेळ धरून ठेवू, साहेब?”

...

एक शब्द म्हणायचा होता. सोडा. तोंड उघडलं. आवाज फुटेना.

“साहेब...?”

त्यांनी तोही फोटो पुसला. कॉम्प्युटर बंद केला. आणि पळाले.

मामांनी मांडी बदलली. खाली रस्त्यावर एक स्कूटर गेली.

“मग?” भाचेसुनेनं विचारलं. संध्याकाळपासून पहिल्यांदाच.

“मग काय. सकाळी फोटो गेले. बाईचा त्यात नव्हता, कुणाला कळलंही नाही. संशोधन गाजलं. साहेब विभागप्रमुख झाले.”

“आणि तिचा नवरा?”

“गेलो होतो मी त्याच्याकडे. सगळं सांगितलं. म्हटलं, बाबा, तुझा दोष नाही. तो म्हणाला, फोटो दाखवा. कुठून दाखवू? त्यानं मला चहा पाजला आणि वाटेला लावलं. अजून येईल-जाईल त्याला सांगतो, मीच उशीर केला.”

भाचीनं पाय चादरीत ओढून घेतले. “पण मामा, तुम्ही त्या डॉक्टरच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवलात?”

“आधी नव्हता ठेवला. मग त्या खोलीतून मला बोलावणं आलं. पाटी बिघडली म्हणून.”

मामांनी उजव्या हाताची बोटं एकमेकांवर चोळली.

“दोनदा बदलली मी ती पाटी. नवी, खोक्यातून काढलेली. रात्री खोलीला कुलूप. सकाळी उघडावं तर पाटीवर वाफ धरलेली. एवढीशी. ठेंगण्या बाईचं तोंड येईल त्या उंचीवर. पुसली की जाते. बोट ओलं होतं... आणि ती वाफ कोमट असते.”