तोंड इकडे करून बोल

"अरे, तोंड इकडे करून बोल रे!" ताई कळवळून म्हणाली, पण आमदार झालेला तिचा धाकटा भाऊ कपाटात तोंड घालून फाईल शोधत बोलतच राहिला, आणि त्याच्या हलणाऱ्या खांद्यांवरून तिला एक अक्षरही कळेना...

ओठ हेच तिचे कान होते! लहानपणी तो तापानं फणफणला, तेव्हा डॉक्टरांनी बजावूनही ती त्याला मांडीवर घेऊन बसून राहिली. तो खडखडीत बरा झाला, तोच ताप तिला आला, आणि तिचं जग कायमचं मुकं करून गेला. त्यासाठी तिनं ना त्याला बोल लावला, ना देवाला. उलट रोज पहाटे देवापुढे त्याचं नाव घेतल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे.

तिच्यासाठीच तो शिक्षक झाला, बहिऱ्या मुलांची शाळा काढली. तिथल्या वसतिगृहात ती साऱ्या लेकरांची ताई! नव्या शिक्षकांना त्याचा पहिला धडा एकच असे: फळ्याकडे बघत बोलायचं नाही, मुलांकडे वळायचं, तोंडावर उजेड घ्यायचा, मगच बोलायचं. त्याच 'सरां'ना लोकांनी हौसेनं निवडून दिलं होतं...

आणि आज अशा शाळा बंद करून मुलांना साध्या शाळांत पाठवण्याचं विधेयक मताला येणार होतं!

"ताई, हल्ली समोर माईक असला तरच हे तोंड वळवतात," भावजय म्हणाली. तिच्या चेष्टेत रडू दडलेलं होतं.

तो गर्रकन वळला. "पक्षाचा आदेश आहे! मोडला तर हाकलून देतील मला."

"आणि ती लेकरं? मास्तर फळ्याकडे बघून शिकवणार, ही मागच्या बाकावर नुसती बघत बसणार... मठ्ठ म्हणतील रे त्यांना! मला म्हणायचे तसं..."

"तुला काय कळतं गं राजकारणातलं?"

हे मात्र तो तिच्याकडे तोंड करून, अगदी स्पष्ट बोलला. ओठ वाचता येतात याचं तिला जन्मात प्रथमच दुःख झालं!

तो निघून गेला. ती देवापुढे बसली. आजवर तिनं त्याच्यासाठी यशच मागितलं होतं. आज काय मागावं तेच सुचेना. "त्याला एकदा माझ्याकडे वळव रे देवा..." एवढंच ती पुटपुटली.

दुपारी भावजयीनं तिला हाताला धरून सभागृहाच्या सज्जात नेऊन बसवलं. खाली तो बोलायला उभा राहिला, रीतीप्रमाणे अध्यक्षांकडे तोंड करून. पुन्हा पाठच! तिचे डोळे भरून आले...

इतक्यात तो थबकला. सावकाश मागे वळला, सज्जाकडे मान उंचावून त्यानं तोंडावर उजेड घेतला, आणि वर्गात बोलावं तसा एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "ताई... मी... या विधेयकाच्या... विरोधात आहे."

शेजारचे त्याचं जाकीट ओढत होते. अध्यक्षांचे ओठ रागानं हलत होते, "सदस्यांनी इकडे पाहून बोलावं!" पण तो वळला नाही. मुलांचं सारं म्हणणं त्यानं तिच्याकडे बघतच मांडलं.

विधेयक तरीही मंजूर झालं. संध्याकाळ व्हायच्या आत पक्षानं त्याला काढून टाकलं.

बाहेरच्या पायऱ्यांवर तो मान खाली घालून बसला होता. तिनं हनुवटी धरून त्याचा चेहरा वर केला.

"शाळा गेली गं, ताई... मीही गेलो! आता काय करायचं?"

"लेकरं जातील त्या शाळेत आपणही जायचं," ती म्हणाली, "आणि तिथल्या मास्तरांना फळ्याकडे पाठ करून बोलायला शिकवायचं. तुझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला येतं रे, माझ्या राजा?"

त्याचा बांध फुटला. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत तो काहीतरी बोलत राहिला... खूप काही, कदाचित सकाळच्या त्या शब्दांबद्दल. तिला त्यातलं एक अक्षरही दिसत नव्हतं.

पण या वेळी तिनं त्याला तोंड इकडे करायला सांगितलं नाही.