भुऱ्याचे गोऱ्हे अर्ध्यातच का थांबले?

“सुटलीऽऽ! जोडी सुटली!”

लाउडस्पीकरवर सदाशिवरावांचा आवाज कडाडला आणि रंजिताने शाल्मलीचा हात गच्च धरला. बोरी अरबच्या माळावर शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, ऐन रंगात आल्या होत्या. नाताळची सुट्टी लागताच रंजिताने यवतमाळच्या शाळेतली आपली मैत्रीण शाल्मली आणि तिचा धाकटा भाऊ साकेत यांना आपल्या बंजारा तांड्यावर ओढूनच आणले होते, ते याच दिवसासाठी. आज भुऱ्याची पोरं पहिल्यांदा पळणार होती!

भुऱ्या म्हणजे रंजिताच्या आजोबांचा, रामसिंग राठोडांचा नवा वळू. त्याची पहिलीवहिली वासरं आता पटाच्या वयाची झाली होती. दुधाचे दात न पडलेल्या गोऱ्ह्यांच्या गटात तांड्याच्या तीन जोड्या उतरल्या होत्या आणि तिन्ही भुऱ्याच्याच! वळू कसा निघाला हे त्याची वासरं पळाल्याशिवाय कळत नाही. म्हणून आसपासच्या गावांतले सगळे जाणकार आज डोळ्यांत तेल घालून बसले होते.

तांड्याची पहिली जोडी अशी काही निघाली की छकड्यावरचा धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, मागेच कलंडला. शाल्मलीने मोबाइलवर चित्रण चालू केले. “पळा रे पळा!” साकेत उड्या मारत ओरडला. आणि अर्धे अंतर झाले न झाले तोच दोन्ही गोऱ्हे गपकन थांबले! धुरकरी काय करतो आहे तिकडे ढुंकूनही न पाहता ते डावीकडे वळले आणि सरळ गर्दीच्या दिशेने चालू लागले.

माळ खो खो हसला.

“होतं असं कधी कधी,” शाल्मली म्हणाली. पण थोड्या वेळाने दुसरी जोडी सुटली, तीही त्याच जागी थांबली आणि तशीच डावीकडे वळली!

सदाशिवराव या पटाचे मोठे पंच. जनावराची पारख त्यांनीच करावी, असे सगळे म्हणत. ते स्वतः तर नेहमीच म्हणत. त्यांनी माइक तोंडाशी धरला. “मंडळी, एक जोडी बिघडली तं आपण समजून घेऊ. पण दोन्ही बिघडल्या! रामसिंगजी, राग नका मानू, तुमच्या वळूच्या रक्तातच दम नाई!”

एवढ्या लोकांसमोर! रंजिताला रडूच कोसळले. ती आजोबांकडे धावली आणि तिथे तिला त्याहून मोठा धक्का बसला. आजोबा पुसदच्या घनश्याम नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्याशी बोलत होते.

“तिसरी जोडी माह्या घरची हाय,” आजोबा खाली मान घालून म्हणाले. “ते बी थांबली, तं भुऱ्या तुमचा. आजच घेऊन जा.”

“दादा!” रंजिता किंचाळली. ती आजोबांना दादाच म्हणायची. “भुऱ्याले विकता? आपल्या भुऱ्याले?”

“खोट्या वळूले कोण गाई दाखवते, पोरी? दावणीले बांधून काय करू त्याले?” दादांनी तोंड फिरवले. “जाय, मोठ्या माणसायच्या मधात नको येऊ.”

भुऱ्या पलीकडे बाभळीला बांधलेला होता. रंजिता दिसताच त्याने नेहमीसारखी मान पुढे केली. आपण विकले जाणार आहोत हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होते! रंजिताने डोळे पुसले. “शाल्मली, काहीतरी गडबड हाय. दोन्ही जोड्या एकाच जागी कशा थांबतील?”

“त्या घनश्यामनेच काहीतरी टाकलं असेल!” साकेत म्हणाला. “चारा नाहीतर औषध!”

तिघे त्या जागेकडे पळाले. साकेत रांगत रांगत माती हुंगू लागला. चारा नव्हता, औषध नव्हते. निघाला तो फक्त चपलेचा एक तुटका अंगठा. “अरे लेकरांनो, हटा! जोड्या येऊन राह्यल्या!” असे ओरडत एका स्वयंसेवकाने त्यांना पिटाळून लावले. तेवढ्यात दुसऱ्या गावाच्या दोन जोड्या त्याच जागेवरून सरळ पुढे निघून गेल्या, जराही न अडखळता!

“म्हणजे जमिनीत काहीच नाही,” शाल्मली विचारात पडली. “थांब, मोबाइलमध्ये बघू!”

बाभळीच्या सावलीत तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. चित्रात गोऱ्हे धावत होते. अचानक त्यांचे कान टवकारले, पाय थांबले आणि ते जीभ बाहेर काढून नाक चाटू लागले.

“घाबरलेत का गं ते?” साकेतने विचारले.

“नाई रे!” रंजिता ताडकन उठली. “भूक लागली हाय त्यायले! रोज सांजेले ढेप-पेंड खायच्या वक्ताले असेच करतात ते!”

साकेतने मोबाइल कानाला लावला आणि त्याचे डोळे विस्फारले. “ठण ठण असा कसला आवाज येतोय गं?”

रंजिताने मोबाइल हिसकावून कानाला लावला.

तो थाळीचा आवाज होता. तांड्याची जोडी पळते तेव्हा तांड्याच्या बायका काशाची थाळी वाजवतात, तशी रीतच आहे. म्हणून दुसऱ्या गावच्या जोड्यांच्या वेळी थाळी वाजत नव्हती! अर्ध्या अंतरावर डाव्या हाताला बायका उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे थाळी घेऊन होती रंजिताची आजी, हंसाबाई. रोज सांजेला तांड्याच्या टोकाशी उभी राहून ती हीच थाळी बडवते आणि चरून येणारी सगळी वासरं गूळ घातलेल्या ढेपेसाठी तिच्याकडे धावत सुटतात!

“अरे देवा! म्हणजे आपली दादीच त्यायले थांबवून राह्यली!”

ती दादांकडे धावली. पण दादांनी ऐकून घेतले तर ना! “थाळी बंद? अपशकुन करता का, अं? बापजाद्यांपासून वाजत आली हाय थाळी!”

सदाशिवरावांनी तर हातानेच हाकलले. तिसरी जोडी छकड्याला जुंपली जात होती.

“दादीला खरं सांगू या,” साकेत म्हणाला.

“नको! तिनंच भुऱ्याले विकायची पाळी आणली, हे कळलं तं ती जेवणार बी नाई. लाडका हाय तो तिचा.”

शाल्मलीने चुटकी वाजवली. “थाळी बंद नाही करायची. थाळी हलवायची!”

ती हंसाबाईंपाशी गेली आणि लाडात येऊन म्हणाली, “दादी, मला जिंकलेल्या जोडीचा आणि तुमचा एकत्र फोटो काढायचा आहे. शेवटच्या निशाणाच्या पलीकडे चला ना! पण थाळी मात्र जोरात वाजवायची हं!”

हंसाबाईंनी पदर सावरला. “जिंकतील का गं बाई?” त्यांचे डोळे भरून आले होते. “भुऱ्याची लेकरं हायत. जिंकायला पायजेत.”

बायका निशाणाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. रंजिताचा काका जीवन धुरकरी होता. सुटायचे निशाण पडले, जोडी सुटली आणि थाळी खणखणली. ठण! ठण! ठण!

गोऱ्ह्यांचे कान टवकारले. अर्धे अंतर आले... आणि गेले! गोऱ्हे थांबले तर नाहीतच, उलट त्यांनी अशी मुसंडी मारली की जीवनकाकाचा फेटा उडून मागच्या मागे पडला! निशाण ओलांडूनही ते पळतच राहिले आणि थेट हंसाबाईंसमोर जाऊन नाक चाटत उभे राहिले.

सदाशिवरावांनी घड्याळ दोनदा पाहिले. गटातली सर्वांत वेगवान जोडी!

आता मुलांनी सगळे सांगून टाकले. मोबाइलही दाखवला. हंसाबाई कपाळावर हात मारून आधी रडल्या, मग पोट धरधरून हसल्या.

“पण हे चालते का?” कोणीतरी कुरकुरले.

“जनावराला मारायचं नाही, टोचायचं नाही, असा नियम आहे ना?” शाल्मली तडक म्हणाली. “आम्ही तर त्यांना जेवायला बोलावलं!”

सदाशिवरावांनी ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिले. मग त्यांनी माइक उचलला, पण या वेळी आवाज खाली आला होता. “मंडळी, चुकलो मी. पहिल्या दोन जोड्या बी थांबेपर्यंत सगळ्यायच्या पुढं होत्या. मी त्यायचं थांबणंच पाह्यलं, पळणं पाह्यलंच नाई! भुऱ्या खरा वळू हाय. अन् हे तीन लेकरं आमच्याहून मोठे पारखी हायत!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दादा मात्र तिथे नव्हते. रंजिता शोधत गेली, तर ते बाभळीखाली भुऱ्याच्या गळ्यात हात टाकून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. दादांना रडताना तिने कधीच पाहिले नव्हते.

दादांनी तिला जवळ ओढले. “मले ऐकायला पायजे होतं तुह्यं, पोरी.” त्यांनी भुऱ्याचे दावे सोडले आणि तिच्या हातात दिले. “चाल. आज याले घरी तूच ने.”

रंजिताने दावे दोन्ही हातांनी धरले. एवढे मोठे ते धूड, पण तिच्यामागून शहाण्यासारखे तांड्याची वाट चालू लागले.