हा मग कोणाचा?

आन्फिनकाकांनी ही गोष्ट मला आयुष्यात एकदाच सांगितली, आणि सांगताना ते ढसाढसा रडले. खोटं सांगून माणूस असा रडत नाही.

जानेवारी १९१०. दक्षिण ध्रुवाकडचं बर्फाचं पठार. तिथे उन्हाळ्यात रात्र होतच नाही. जे घडलं ते लख्ख उजेडात घडलं.

तिघं ध्रुवाच्या मोहिमेवरून परतत होते. काका, सिग्वाल्ड आणि तोर्लेफ. तिघंही दूर उत्तरेतल्या लोफोटेन बेटांवरच्या कोळीवाड्यातले, एकाच होडीत वाढलेले.

अन्न संपत आलं होतं. वाटणीवरून भांडण नको म्हणून त्यांची एक रीत होती. एकानं मगांत रस्सा ओतायचा, दुसऱ्यानं पाठ फिरवून बसायचं. ओतणारा एका मगावर बोट ठेवून विचारी, "हा कोणाचा?" पाठमोरा न बघता नाव घेई. ज्याचं नाव, त्याचा मग. कमी-जास्त झालं तरी कुरकुरायचं नाही.

नाव घ्यायचं काम तोर्लेफचं.

तोर्लेफ वाटेतच गेला. त्याला बर्फात पुरून दोघं पुढे निघाले.

आता नाव सिग्वाल्ड घेऊ लागला. भला माणूस. पहिल्या मगाला तो दरवेळी "तुझा" म्हणायचा. हे काकांच्या ध्यानात आलं... आणि भुकेनं त्यांची मती फिरली.

ते जास्त भरलेल्या मगावर आधी बोट ठेवू लागले.

आठवडाभर हेच चाललं. सिग्वाल्ड खंगत गेला. तरी जीभ तशीच तिखट.

"आटप रे! तुझ्या रश्श्यापेक्षा माझे मोजे चवदार, पण पोटाला कोण समजावणार?"

काकांनी भरलेल्या मगावर बोट ठेवलं. "हा कोणाचा?"

"सिग्वाल्डचा."

आवाज तोर्लेफचा होता.

काकांनी मगावरचं बोट मागे घेतलं. "तू... तू बोललास?"

"मी अजून तोंडच उघडलं नाही," सिग्वाल्ड हळूच म्हणाला. "पण ऐकलं मी."

काकांनी तो मग त्याच्या हातात दिला. सिग्वाल्डनं मगाकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर रोज तो आवाज यायचा. रोज तेच नाव. काका निमूट ऐकत.

पण फार उशीर झाला होता.

ज्या दिवशी लांबवर समुद्र दिसला, त्या दिवशी काकांना तासभर स्टोव्ह पेटवताच येईना. सिग्वाल्ड पाठ करून गप्प बसला होता. शेवटी रस्सा झाला.

"हा कोणाचा?"

काहीच नाही...

तोर्लेफचा आवाज आलाच नाही.

"अरे, हा कोणाचा?"

"दोन्ही तुझेच, आन्फिन."

या वेळी सिग्वाल्ड बोलला होता. नेहमीच्याच थट्टेच्या सुरात. काका हसले, पुढे सरकले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला...

खांदा लाकडासारखा ताठ होता. पापण्यांवर बर्फ जमला होता.

तो केव्हाच गेला होता.

मग बोललं कोण? मला आजही ते कळत नाही. काकांना विचारायचा मला धीर झाला नाही. शेवटी तेच म्हणाले,

"दोन्ही मी प्यायलो रे. गरम होते."