लॅपटॉपनं ओळखलेलं घर

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी स्वतः कॉम्प्युटरच्या कामातली. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आजवर तोंडावर वेडं म्हणत आलेय. पण हे माझ्याच नवऱ्याच्या बाबतीत घडलंय, आणि अजून घडतंय.

गेल्या जुलैतला दुसरा शनिवार. म्हैसूरजवळचं येलवाल. दुपारचे सव्वाचार.

आम्ही म्हैसुरातच, बोगादीत भाड्यानं राहतो. रक्षितचं ऑफिस बेळगोळला. लॅपटॉप घेऊन रोजची ये-जा, पण नेटवर्क बदलायचं कधी लक्षात राहील तर शपथ! मीटिंगला बसला की आतून ओरडायचा, "यशू, नेट नाही गं!"

माझं डोकं उठायचं.

शेवटी मीच लॅपटॉप लावून दिला. बेळगोळचं वायफाय दिसलं की आपोआप 'ऑफिस'. आमचं दिसलं की आपोआप 'घर'. बाकी सगळीकडे 'अनोळखी'. जागा बदलली की टुंग आवाज, आणि कोपऱ्यात जागेचं नाव.

महिनाभर छान चाललं.

त्या शनिवारी आम्ही येलवालला विकाऊ घर बघायला गेलो. सहा वर्षं बंद. किल्ली नरसिंहमूर्ती नावाच्या एजंटकडे. "करेंट इल्ला, मॅडम," ते म्हणाले. म्हणजे वीज नाही. कुलूप काढून ते बाहेरच उभे राहिले. आत आलेच नाहीत.

घर मला आवडलं, खोटं कशाला बोलू? सगळीकडे बोटभर धूळ.

फक्त स्वयंपाकघरातली फरशी... ओली होती. कुणीतरी नुकतीच पुसली असावी तशी.

निघताना रक्षित उंबऱ्यावर थांबला, मागे वळला आणि सहज म्हणाला, "येतो हं."

आपल्यात घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. जिभेला लागलेली सवय ती. पण ते घरच्या माणसांना सांगायचं. रिकाम्या घराला कुणी सांगतं?

"अय्यो, कुणाला सांगतोयस?" मी हसले.

तेवढ्यात त्याच्या खांद्यावरच्या बॅगेत...

टुंग.

पठ्ठ्यानं लॅपटॉप बंदच केला नव्हता. मी तिथंच पायरीवर बसून उघडला.

जागा : घर. नेटवर्क जोडलेलं. सिग्नल पूर्ण.

तिथं वीज नाही, तार नाही. आमचं वायफाय तिकडे लांब बोगादीत.

"होगली बिडु गं," रक्षित म्हणाला. "जाऊ दे. मशीनच ते, चुकतं कधी कधी."

बोगादीला पोचलो. दार उघडून आत आलो.

टुंग.

जागा : अनोळखी.

मी चिडले. सगळं पुसून नव्यानं लावलं. चालू झालं. सकाळी पुन्हा... अनोळखी. तीनदा केलं, मग हात टेकले. माझा लॅपटॉप त्याच वायफायवर मजेत चालत होता.

पुढच्या गुरुवारी त्याच्या ऑफिसातून फोन आला. रक्षित आज आलाच नाही म्हणे. संध्याकाळी तो परतला आणि म्हणाला, "ऑफिसातून आलो." तो खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही. मी लॅपटॉपमधली नोंद उघडली.

ऑफिस : काही नाही.

घर : सकाळी दहा ते पावणेपाच.

मी दिवसभर घरीच होते हो!

दुसऱ्या दिवशी एकटीच येलवालला गेले. दाराला कुलूप. नरसिंहमूर्ती फोन उचलेनात. मी खिडकीला कान लावला.

आत... कुकरची शिट्टी झाली.

एक. दोन. तीन.

मग कुणीतरी गॅस बंद केला.

मी पळत रस्त्यावर आले.

तेव्हापासून रक्षित किल्लीनं दार उघडत नाही. बेल वाजवतो आणि मी "ये" म्हणेपर्यंत बाहेर उभा राहतो. खुर्चीच्या कडेवर बसतो. पाणी दिलं तर म्हणतो, "कशाला त्रास?" डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. मी भांडले, रडले, लग्नाचे फोटो समोर धरले. त्यानं नीट बघितले, छान आहेत म्हणाला. रात्री निदान बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर तरी झोपायचा. तेवढ्यावरच मी जीव धरून होते. मला दुसरं काही नको, माझा नवरा परत हवाय.

काल संध्याकाळी सहाला बेल वाजली. मी आत बोलावलं. त्यानं चहा घेतला. मी त्याचा हात धरला तर अवघडला, हळूच सोडवून घेतला.

"आज राहा ना रे," मी म्हटलं. माझ्याच नवऱ्याला!

तो उठला. हात जोडले.

"नको. तुम्ही उगाच आग्रह करताय. घरी वाट बघताहेत."

चपला घालून तो निघूनही गेला.

आज आठ वाजून गेलेत. बेल अजून वाजलेली नाही. मी दार सताड उघडं ठेवून बसलेय.