उडदाचा एक दाणा

आमच्या पवळ्या बैलाच्या शिंगांवर भलंमोठं पांढरं कापड येऊन पडलं, आणि दमणी गाडी तळ्याच्या उतारावरून सुसाट निघाली. मी कासरा ओढून बैल थांबवले तेव्हा चाकं पाण्याला टेकली होती. मागून एक मुलगा धावत आला – गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत बाभळीचा पाला. जगदेव! आमच्याच मॅट्रिकच्या वर्गातला, मागच्या बाकावरचा, दोन वर्षांत माझ्याशी एक शब्दही न बोललेला.

"बैल चांगले आवरले तुनं," तो धापा टाकत म्हणाला. "पण आमचं शीड फाटलं नं."

"मंग वाळू घालताना बांधायचं होतं. माह्या बैलानं थोडीच बलावलं त्याले?"

तो हसला. हसताना त्याचे कान हलतात, हे मला दोन वर्षांत दिसलंच नव्हतं...

शीड मीच शिवून दिलं. शिवता शिवता कळलं की मुंबईच्या गोदीत उभी हयात घालवून गावी परतलेल्या बबनरावांनी आमच्या तळ्यावर आठ जणांचं नौका मंडळ काढलंय. वर्गणी नाही. ज्याला जे येतं ते त्यानं करायचं – कुणी नावेला डांबर लावायचं, कुणी दोर वळायचे. मला शिवता येत होतं, तेव्हा मीही शिकणार, असं मी सांगून टाकलं. बबनरावांनी नियमांची वही तीनदा चाळली. मुलगी नको असं त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. कुणाला सुचलंच नव्हतं!

माझे आबा मात्र एकाच अटीवर कबूल झाले. मंडळाची परीक्षा एकदाच द्यायची. नापास झाले की तळं बंद. ही अट मी कुणाला सांगितली नाही. सांगायची काय गरज? मी थोडीच नापास होणार होते.

शिकवायचं काम जगदेवकडे आलं. पहिल्याच रविवारी तो म्हणाला, उजवीकडे घे. मी सुकाणू उजवीकडे ओढलं, बैलाचा कासरा ओढतात तसं, आणि नाव गर्रकन डावीकडे वळून रंगूबाईंच्या शिंगाड्याच्या वेलांत घुसली.

"सोजर, हे बैल नोहेत," जगदेव हळूच म्हणाला. "सुकाणू जिकडं ओढशीन, त्याच्या उलटी जाते नाव."

"मंग आधी काहून नाई सांगितलं?"

"मले वाटलं... तुले सगळंच येते."

तळ्यातली शिंगाड्याची लागवड रंगूबाईंची. त्यांनी शिक्षा सुनावली – पुढचा अख्खा रविवार दोघांनी मिळून शिंगाडे तोडायचे. शिंगाड्याचे काटे बोटांना टोचत होते, पाणी गार होतं, आणि जगदेव एकेक कोवळा शिंगाडा सोलून, माझ्याकडे न बघता, फळीवर माझ्या बाजूला ठेवत होता. मीही न बघता खात होते. अशी गोड शिक्षा मला शाळेत कधीच झाली नव्हती.

पाण्यावर काळसर सुरकुती उठली की समजायचं, वारा आला – हे त्यानंच शिकवलं. मग वर्गातसुद्धा खिडकीबाहेरचा लिंब हलला की आम्ही दोघं एकाच वेळी मान वळवायचो. आणि एकाच वेळी खाली घालायचो.

महिन्यानं परीक्षा आली. तळ्यातल्या मोठ्या खडकाला एकटीनं वळसा घालून परत यायचं. खडकाशी वारा फिरला, हात सवयीनं कासरा ओढायला निघाला... उलटं, सोजर, उलटं! नाव अल्लाद वळली. काठाला लागले तेव्हा मान ताठ होती.

मग गाडगं फिरलं. मंडळाची ही रीतच होती. आठ सभासद, आणि तळं त्यांचंही म्हणून रंगूबाई, असे नऊ जण गाडग्यात मूठ घालायचे. सरकी टाकली तर हो, उडीद टाकला तर नाही. एकही उडीद निघाला तर माणूस नापास, आणखी महिनाभर शिकायचं. पण बबनरावांना पाठीमागची कुजबूज खपत नसे. म्हणून उडीद टाकणाऱ्यानं उभं राहून, सगळ्यांसमोर पटण्यासारखं कारण सांगायचं.

गाडगं पालथं केलं. आठ सरक्या. आणि एक काळा दाणा.

माझ्या डोळ्यांसमोर तळंच काळं झालं. मी रंगूबाईंकडे पाहिलं. "माह्याकडं काय पाह्यतं, पोरी? म्या सरकी टाकली," त्या फणकारल्या.

जगदेव उभा राहिला. कान लालबुंद.

"नाव चांगली चालवते सोजर," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण... सभासद झाली का एकटीच नेईन. मंग मले शिकवाले काई राह्यत नाई. म्हटलं, अजून एक महिना..."

बबनराव एकाएकी खोकायला लागले.

"माह्या आबानं एकच डाव देला होता मले," मी म्हणाले. "नापास झाली का तळं बंद. तुह्या त्या महिन्यापायी सगळंच गेलं."

त्याचा चेहरा असा उतरला की माझा राग निम्मा तिथंच विरघळला. निम्माच हं.

बबनरावांनी उडदाचा दाणा उचलला. "हे कारण सुकाणूचं नोहे," ते म्हणाले, "म्हणून हा दाणा बाद." त्यांनी तो तळ्यात भिरकावला आणि वहीत माझं नाव लिहिलं. नव्या सभासदानं पहिली फेरी मारायची, सोबतीला आपल्या पसंतीचा एक जण घ्यायचा, हाही नियमच.

मी नावेत चढले. शीड सोडलं. काठावर जगदेव अजून तसाच उभा.

"बसतं का आता? पण सुकाणूले हात लावायचा नाई."

तो बसला. तळ्याच्या मध्यावर आल्यावर त्यानं विचारलं,

"रागावली?"

"हो."

"मंग मले काहून घेतलं?"

"महिनाभर शिकवाचं होतं नं तुले? मंग सरळ मलेच इचारायचं. गाडग्याले काय इचारतं?"

त्यानं वर पाहिलं. "येशीन?... शिकाले?"

पाण्यावर काळसर सुरकुती उठली. मी सुकाणू उजवीकडे ओढलं, अगदी कासऱ्यासारखं.

"अवं सोजर, उलटं ओढून राह्यली तू... शिंगाडे..."

"मालूम हाय मले."

वेलांच्या कडेशी नाव अलगद अडकली. काठावरून रंगूबाईंचा आवाज आला – पुढचा रविवार, दोघांनीही.